'लोड वाढला' हे कारण आता बंद करा

१६ जुलै २०२१. दुपारी १ वाजता दहावीचा निकाल लागला आणि निकालाची संकेतस्थळं आडवी झाली. १५ लाखांहून जास्त मुलं आणि त्यांचे आईबाप कित्येक तास मोबाईलवर तेच पान पुन्हा पुन्हा उघडत बसले. पुढे चौकशीचे आदेशही निघाले. पण अशा वेळी कानावर पडणारं कारण ठरलेलं : लोड वाढला.

अहो, लोड येणार हे माहीत नव्हतं का? तारीख-वेळ तुम्हीच जाहीर केलीत. मुलं किती, हे तुमच्याच रजिस्टरात आहे.

मी वेबसाइट बनवण्याचंच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. निकाल एकदा लागला की तो मिनिटामिनिटाला बदलत नाही. मग प्रत्येक मुलासाठी दरवेळी डेटाबेस कशाला उघडायचा? पंगतीत पाहुणा पानावर बसल्यावर कुणी त्याच्यापुरता वेगळा भात टाकतं का?

१६ लाख मुलं धरा. प्रत्येकाचं निकालाचं पान ५ केबीचं. सगळं मिळून ८ जीबी. पेनड्राइव्हमध्ये मावेल एवढं! आदल्या रात्री ही पानं तयार करा, देशभरातल्या सीडीएन सर्व्हरवर प्रती ठेवा, १ वाजता खुल्या करा. खासगीपणाचं काय? बैठक क्रमांक आणि आईचं नाव जुळलं तरच पान उघडायचं, आजच्यासारखंच. फेरतपासणीत गुण बदलले तर तेवढंच पान बदला. यालाच कॅशिंग म्हणतात.

अर्थात, कॅश डोळे मिटून वापरायची नसते. त्याच वर्षी मे महिन्यात कोविनने बाहेरच्या अ‍ॅपना लशीच्या रिकाम्या जागांची माहिती ३० मिनिटांपर्यंत जुनी मिळेल असं ठरवलं. जागा तर काही मिनिटांत संपत होत्या! तिथे कॅश ठेवायचीच तर काही सेकंदांची हवी, आणि बुकिंग करताना खात्री थेट डेटाबेसमधूनच. काय ताजं द्यायचं आणि काय तयार ठेवायचं, हे आधी ठरवणं म्हणजेच नियोजन.

आता निकाल डिजिलॉकरवरही मिळतो, चांगलंच आहे. पण चार दारं केली म्हणून मुख्य दार मोडकं ठेवायचं नसतं. एका टोकाचं नेटवर्क असलेल्या गावातल्या पोराने किती वेळा प्रयत्न करायचा?

टेंडरमध्ये दोन अटी घाला : निकालाच्या आठ दिवस आधी लोड टेस्ट, आणि तिचा अहवाल जाहीर. पटत असेल तर आपापल्या आमदारांना एवढंच विचारा, यंदाचा अहवाल कुठे आहे?