एकच तापी, पण पाणी निराळे



संसारातील पुष्कळशी भांडणे थोर कारणांवरून होत नाहीत. डाळ शिजली नाही, धुणे निर्मळ निघाले नाही, भांड्यांवर पांढरा थर राहिला, अशा लहानसहान गोष्टींवरून ती होतात. आणि घरात सून नवी असली, की सारा दोष तिच्या माथी बसतो. तथापि कित्येकदा खरा अपराधी असतो घरात येणारे पाणी.

सुरतेच्या पूर्व भागातील गोडादरा, तसेच लिंबायत व उधना, येथे मागावर व कापडाच्या धंद्यात राबणारी खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना हा अनुभव नवा नाही. सुरत महानगरपालिका तापीचे पाणी शुद्ध करून नळाने पुरविते. जेथे ते पुरत नाही, तेथे बोअरचे पाणी वापरावे लागते. एकाच घरात अशी दोन प्रकारची पाणी येतात व दोहोंचा स्वभाव अगदी निराळा असतो.

असे का व्हावे? पावसाचे पाणी मूलतः मृदू असते. मातीतून झिरपताना ते कर्बवायू शोषून घेते व किंचित आम्ल बनते. मग वाटेतील खडकांतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार त्यात विरघळतात. हेच कठीण किंवा दुष्फेन पाणी. जमिनीत त्याचा मुक्काम जितका लांबेल तितके सहसा क्षार वाढतात. म्हणून नदीच्या पाण्याहून खोल बोअरचे पाणी बहुधा अधिक कठीण असते. मुलताईहून निघून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सागरास मिळणाऱ्या तापीच्या खोऱ्यातच पाहा. तिला मिळणाऱ्या पूर्णेच्या काठी अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत प्रसिद्ध खारपाणपट्टा आहे. तेथे भूजल खारेच लागते. खानदेशातील काळ्या पाषाणातल्या विहिरींचे पाणी पुन्हा वेगळे. उलट मुंबईकरांना तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचे मृदू पाणी मिळते. यास्तव माहेरी अचूक ठरलेले साबणाचे व शिजवणीचे प्रमाण सासरी चुकले, तर त्यात नवल नाही.

कठीण पाण्यात साबणाचा फेस न होता चिकट साका होतो. कडधान्यातील पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य कॅल्शियममुळे घट्ट राहते, म्हणून डाळ मऊ होण्यास वेळ लागतो. परीक्षा सोपी आहे. एका बाटलीत आपले पाणी व दुसरीत तितकेच पावसाचे पाणी घेऊन, दोहोंत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. कपडे धुण्याची पावडर येथे उपयोगी नाही, कारण ती कठीण पाण्यातही फेस देते. अचूक आकडा हवा असल्यास प्रयोगशाळेत तपासणी करवावी. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो.

भीतीने घाई करू नये. कठीण पाण्याने मुतखडा होतो ही समजूत सिद्ध झालेली नाही. पुरेसे पाणी न पिणे हेच त्याचे मोठे कारण आहे. आरोग्याचा खरा शत्रू रोगजंतू, आणि पाणी मृदू असले म्हणून ते जंतुरहित ठरत नाही. तुरटीने गाळ बसतो, पण कठीणपणा जात नाही. उकळल्याने त्याचा एक भाग तळाशी पांढरा थर होऊन बसतो. उरलेल्यासाठी धुण्याच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालावा. तो स्वयंपाकात वापरू नये. डाळ रात्री भिजत घालावी व ती नळाच्या पाण्यात शिजवावी. बोअरचे पाणी इतर कामांस ठेवावे. हप्त्यांवर महागडे यंत्र घेण्यापूर्वी तपासणीचा कागद हाती असावा. अशी यंत्रे बरेच पाणी वाया घालवितात. म्हणूनच ज्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे त्यांवर बंदी आणण्याचा निर्देश राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१९ साली दिला होता. मजुरीच्या पैशातून गरज नसलेली वस्तू येणे म्हणजे मुलांच्या शिक्षणातून तितके वजा होणे होय.

पवित्र शास्त्रात यरीहो नगराची कथा आहे. नगर रम्य, परंतु पाणी वाईट. लोकांनी अलीशा संदेष्ट्याकडे गाऱ्हाणे नेले. त्याने नगरातील कोणाला बोल लावला नाही. नव्या पात्रात मीठ घेऊन तो थेट झऱ्याच्या मुखाशी गेला, आणि देवाच्या नावाने ते पाणी बरे केले. आपल्या घरीही हीच रीत पडावी. डाळ कच्ची राहिली तर सुनेकडे बोट दाखविण्याआधी नळाकडे पाहावे; आणि आपल्याकडे गोडे पाणी येत असून शेजारणीकडे केवळ बोअरचे येत असेल, तर तिच्या डाळीपुरता एक हंडा तिला अवश्य द्यावा.