माउली, हरेगाववाली

बांद्र्याची माउंट मेरी फेअर आपल्याला पाठ. पण हरेगाव? अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूरजवळ. तिथला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना कधीच बंद पडला; मतमाउलीची यात्रा मात्र जोरात! फादर जेराल्ड बादर यांनी १९४९ साली सुरू केलेली ही यात्रा २०२३ मध्ये पंचाहत्तरावी झाली. ८ सप्टेंबर हा मेरीचा बर्थडे. त्या सुमाराच्या वीकेंडला गावोगावचे ख्रिस्ती (आणि बिगरख्रिस्तीही) नवस घेऊन येतात. बांद्र्याची ‘मोत माउली’ इथे ‘मतमाउली’ झाली. शेजारच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, म्हणजे ‘माउली’ इथल्या जिभेवर आधीपासूनच. मेरीला परकी म्हणणार कोण? सप्टेंबरात श्रीरामपूरचा कलीग सुट्टी मागायला आला, तर बॉस, देऊन टाका.