आकडा राज्याचा, सावधगिरी घरची

पावसाळा स्थिरावला की वर्तमानपत्रात एक छोटी बातमी हमखास येते: राज्यात फ्लूचे रुग्ण वाढले. ती वाचून कोणी धास्तावतो, कोणी पान उलटतो. हा आकडा येतो कोठून आणि आपल्या घरासाठी त्याचा अर्थ काय, हे आज पाहू.

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमांतर्गत रुग्णालयांतील नोंदी जिल्ह्याकडे व तेथून राज्याकडे जातात. काही रुग्णांच्या घशातील व नाकातील स्रावाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था विषाणूचा प्रकारही ओळखते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यातच घेतला. तो एच१एन१ विषाणू आज नेहमीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग झाला आहे.

मात्र नमुना प्रत्येकाचा घेतला जात नाही. सौम्य आजाराचे अनेक रुग्ण घरीच बरे होतात. म्हणून आकडा लहान असला तरी साथ लहान असेलच असे नाही. पाहावे ते त्याच्या चढ-उताराकडे. महाराष्ट्रात हा चढ बहुधा दोनदा येतो: जानेवारी ते मार्च आणि जुलै ते सप्टेंबर.

लसीचे संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. विषाणू रूप बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते. तेव्हा बातमीची वाट न पाहता पावसाळ्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. रुग्ण वाढू लागले की गर्दीत मुखपट्टी वापरा. घरात कोणाला खोकला असेल, तर त्याने आजी-आजोबांच्या खोलीपासून काही दिवस दूर राहावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वृद्धांना फ्लूमध्ये ताप येतोच असे नाही. अन्नावरची वासना उडणे, एकाएकी गोंधळणे, तोल जाणे एवढीच खूण दिसू शकते. ‘वयच झाले आता’ असे म्हणून ती सोडून देऊ नका. विषाणुरोधक औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. धाप लागली, छातीत दुखले किंवा ओठ निळसर दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठा.

राज्याची नोंदवही साथीची चाहूल देते. उंबऱ्याच्या आतली चाहूल मात्र आपणच घ्यायची असते.