कुंपणावरील घायपात

आमच्या शाळेच्या क्रीडांगणाच्या पश्चिमेस कुंपणाशीं घायपाताची रांग आहे. हें झाड कुरूप, कांटेरी व परदेशी असल्यामुळें तें समूळ खणून टाकावें, अशी सूचना यंदां कांहीं पालकांनीं केली. मुलांस कांटे टोचतात ही त्यांची तक्रार खरी आहे. परंतु 'कुरूप' ह्या शब्दास आमची हरकत आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एक वेळ ह्या झाडाजवळ उभे राहून तें नीट पाहावें. मध्यभागीं मिटलेल्या पानांचा भाला असतो, आणि एकेक पान त्यापासून सुटून बाहेर झुकतें. सुटण्यापूर्वीं तीं एकमेकांस इतकीं घट्ट बिलगलेलीं असतात कीं, एकाच्या कांटेरी कडेचा ठसा दुसऱ्याच्या अंगावर कायमचा उमटतो. पुरतें वाढलेलें पान दीड-दोन मीटर लांब भरतें. त्यावरील निळसर करडी झांक मेणाच्या थरामुळें येते. हा थर पाणी उडूं देत नाहीं. शिवाय हें झाड आपलीं सूक्ष्म छिद्रें बहुधा रात्रीं उघडतें व दिवसां मिटून घेतें. म्हणूनच वैशाखांत मैदानावरील गवत करपून गेलें तरी हीं पानें मांसल राहतात.

इंग्रज लोक ह्यास 'शतकाचें झाड' म्हणतात, ती अतिशयोक्ति होय. बहुधा 10 ते 30 वर्षांनीं त्यास फुलोरा येतो, पण तो जन्मांत एकदांच. पानांत सांठविलेलें सारें अन्न त्या एका दांड्यास जातें. तो 8 मीटरपर्यंतही चढतो, पिवळट फुलांनीं भरतो, आणि झाड सुकून मरतें. मुळाशीं पिलें तेवढीं उरतात. आमच्या रांगेंतील एकास सध्यां असा दांडा फुटला आहे. इतकीं वर्षें थांबून ज्यानें आतां कोठें डोकें वर काढलें, त्याच्या मुळावर ह्याच वर्षीं कुदळ घालणें आम्हांस रुचत नाहीं.

परदेशी म्हणावें, तर मूळचें तें मेक्सिकोकडचें खरेंच. तेथें त्याच्या रसाचें पुल्के नांवाचें मद्य करितात. त्याची वाखाणणी करण्याचें हें स्थळ नव्हे! परंतु मिरची व पेरूही अमेरिकेहूनच आले, त्यांस कोणी परके म्हणत नाहीं. आपल्याकडे कित्येक गांवीं ह्या झाडास केकताड म्हणतात. त्याचा वाख काढून मातंग कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या नाडे व कासरे वळले.

तेव्हां वाटेकडील पानांचे शेंडे छाटून कांट्यांचा बंदोबस्त करावा. रसानें त्वचेस दाह होतो, म्हणून तें काम मुलांकडे न देतां माळ्यानेंच करावें. खणण्याचा वाद फुलें गळल्यावर पुन्हां घालूं.