पाहुण्यांची किक पुरे झाली

फुटबॉलचा फोटो म्हणून अमरावती-अकोल्यात जे छापून येतं, ते पाहून मला संताप येतो. कडक इस्त्रीतले पाहुणे थांबलेल्या चेंडूला बूट टेकवताहेत, मागे आयोजकांची रांग, सगळ्यांची नजर कॅमेऱ्यात. ज्या गोलकीपरने नंतर चिखलात लोळून सामना वाचवला, तो कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी ते पोरगं विचारतं, "भाऊ, माहा फोटो आला का?" काय सांगणार त्याला? उद्घाटन आटोपताच फोटोग्राफर पुढच्या कार्यक्रमाला पळालेला असतो.

जे थांबतात, त्यांच्यावरही माझा राग आहे. मध्यरेषेजवळ, मांडवाच्या सावलीत, उभ्यानेच झूम ओढायचा. हाती लागतात पाठी, डोक्यांचे शेंडे आणि मागच्या दुचाक्या. मग रडगाणं सुरू: मोठी लेन्स नाही हो आपल्याकडे. लेन्सला दोष देऊ नका. तुम्ही खेळ पाहत नाही, म्हणून तुम्हाला फोटो मिळत नाही.

आधी खाली बसा. गुडघा टेका, जमलं तर पालथे पडा. कॅमेरा खाली गेला की खेळाडू आभाळावर उठून दिसतो आणि दुचाक्या त्याच्या पायांमागे दबतात. हे ज्ञान जुनं आहे. १९३६ साली आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला बर्लिन ऑलिंपिकला गेलं होतं. त्याच ऑलिंपिकचं चित्रण करताना जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टालने उड्या मारणारे खेळाडू आभाळावर दिसावेत म्हणून खड्डे खणून त्यांत कॅमेरे उतरवले. ती नाझींसाठी प्रचारपट करत होती आणि त्याची मला घृणा आहे. पण तेव्हाचे कॅमेरेवाले खड्ड्यात उतरत होते आणि आमच्याकडे पँटला माती लागू नये म्हणून माणसं उभी राहतात, याची मला लाज वाटते.

जागा धरायची ती गोलरेषेच्या मागे, कॉर्नरचा झेंडा आणि गोलपोस्ट यांच्या मधोमध. तिथे चढाई करणारा तुमच्या तोंडावर येतो. चेंडूमागे मैदानभर धावू नका, अर्धा डाव एकाच टोकाला काढा. चेहरा आणि चेंडू दोन्ही चौकटीत नसतील तर फोटो बहुधा टाकूनच द्यावा. आपल्याकडचं दुपारचं ऊन डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतं, म्हणून सकाळी आणि कलत्या उन्हातच खरं काम होतं. त्या वेळी सूर्य तुमच्या पाठीशी हवा.

शटर १/१००० सेकंदाच्या खाली नेऊ नका. पावसाळी आभाळात उजेड कमी पडतो, तेव्हा आयएसओ १६००, ३२०० बिनधास्त चढवा. फोटोत दाणे दिसले तर दिसू द्या, हललेला चेहरा मात्र कशानेच दुरुस्त होत नाही. आपल्याकडे सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या फेऱ्या ऐन पावसाळ्याच्या दिवसांतच येतात. ढग आले म्हणून कॅमेरा पिशवीत घालणाऱ्याने हे काम घेऊच नये.

आणि वॉर्मअपला हजर राहा. डावखुरा कोण, कॉर्नर कोण घेतो, हेडरला कोण झेपावतो, हे तिथेच कळतं. किक बसल्यावर बटण दाबाल तर चेंडू चौकटीबाहेर गेलेला असतो. खेळाडूने पाय मागे नेला की दाबायला सुरुवात करायची. गोल झाल्यावर मागच्या पडद्यावर फोटो तपासत बसणाऱ्याचा तर मला भयंकर राग येतो. पुढच्या काही क्षणांतच गोल करणाऱ्याचा आनंद असतो आणि हरलेल्या कीपरचा चेहराही. दोन्ही टिपा. मुलींच्या सामन्यांनाही इतकंच जीव ओतून बसा. तिथे तर उद्घाटनाचा फोटोग्राफरसुद्धा अनेकदा फिरकत नाही.

घरी येऊन शेकडो फोटो ग्रुपवर ओतू नका. पाच निवडा आणि प्रत्येकाखाली खेळाडूचं पूर्ण नाव, शाळा लिहा. ‘विजयी संघ मान्यवरांसोबत’ ही ओळ त्या अकरा पोरांचा अपमान आहे. संपादकांनी ती कापावी आणि पाहुण्यांच्या किकचा फोटो आला तर परत पाठवावा. आयोजकांनी गोलमागच्या दुचाक्या हटवून फोटोग्राफरला तिथे बसू द्यावं. पाहुण्यांना फोटो हवाच असेल तर त्यांच्या कार्यकर्त्यांकडे मोबाइल आहेत.