चेहरा गहाण

शेंद्र्याच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला लागणाऱ्या तरुणाची पहिली हजेरी आता त्याच्या हाताची नव्हे, चेहऱ्याची असते. भविष्यनिर्वाह निधी संघटनेने १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या सभासदाचा सार्वत्रिक खातेक्रमांक देण्यासाठी आधारशी जोडलेली चेहऱ्याची पडताळणी, काही अपवाद वगळता, आवश्यक केली. एकाच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत हा त्यामागचा हेतू आहे आणि तो रास्तच आहे. परंतु सरकारी दारात रुळलेली सवय दाराबाहेरही माणसाच्या अंगवळणी पडते. भ्रमणध्वनीवरचा कोणीही अनोळखी इसम ‘खातरजमा’ हा शब्द उच्चारतो आणि समोरचा माणूस मुकाट्याने आपला चेहरा व आधारपत्र त्याच्यापुढे धरतो. ते चित्र कोठे जाते, किती काळ राहते, कोणाच्या हाती पडते, हे विचारण्याची रीत आपल्याकडे अद्याप पडलेली नाही.

या प्रश्नाचा खरा कस लागतो तो अशा ठिकाणी, की ज्याचा उल्लेख सभ्य वृत्तपत्रांत सहसा होत नाही. विवस्त्र राहणे आरोग्याला व मनाला हितकर आहे असे मानणाऱ्या नग्नतावाद्यांची मंडळे पाश्चात्य देशांत जुनी आहेत. ती आता संगणकाच्या जाळ्यावरही भरतात. तेथे येणाऱ्यांत खरे सभासद किती व चोरून पाहणारे किती, हे ओळखणे अवघड असते. म्हणून नव्या सभासदाकडे त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र मागितले जाते. कित्येकदा हातात त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी धरून ते काढावे लागते, कोठे कोठे सरकारी ओळखपत्राचीही मागणी होते. या मागणीला आधार आहे. अल्पवयीन मुले आत येऊ नयेत, दुसऱ्याची चित्रे पळवून आपली म्हणून कोणी दाखवू नयेत, ही जबाबदारी चालकांना टाळता येणार नाही. पण सभासदाची बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या चित्रांतून तो चेहरा काळजीपूर्वक वगळत असतो, कारण नोकरी, नातेवाईक आणि गाव यांच्यापासून त्याला स्वतःला वाचवायचे असते. नेमका तोच वगळलेला चेहरा दारावर मागितला जातो. देहाचे चित्र एका कप्प्यात आणि चेहरा व नाव दुसऱ्या कप्प्यात, असे दोन्ही एकाच घरात साठले, की त्याने घेतलेली सारी खबरदारी एका चोरीने फुकट जाते.

या बाबतीत महाराष्ट्राला परकेपणाचा आव आणता येणार नाही. जगातील पहिले ज्ञात नग्नतावादी मंडळ जर्मनीत निघाले नाही, ते १८९१ मध्ये ठाण्यास निघाले. मुंबई इलाख्यातील न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे त्याचे संस्थापक. सभासद अवघे तीन. स्वतः क्रॉफर्ड आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. तुळशी तलावाकाठी ही मंडळी जमत. पुढे क्रॉफर्ड यांची रत्नागिरीस बदली झाली आणि मंडळ आटोपले. मंडळाच्या इंग्रजी नावात ‘विश्वास’ हा शब्द होता आणि तो शोभेचा नव्हता. तिघे एकमेकांस ओळखत होते, त्यामुळे ओळख पटवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. न्यायासनावर बसणाऱ्या माणसाने ही गोष्ट उघड होऊ दिली असती तर काय झाले असते, याची कल्पना करता येते. आज ती माहीत आहे ती क्रॉफर्ड यांनी एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज लेखकाला लिहिलेली पत्रे जपून राहिली म्हणून. खासगी पत्रसुद्धा लिहिणाऱ्यापेक्षा दीर्घायुषी ठरते, ते असे.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि ते १९५३ पर्यंत चालले. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र छापणारे हे मासिक नग्नतेचा बाऊ करण्यास तयार नव्हते. वाचक आपल्या कामजीवनातील शंका कर्व्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे छापील उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी कर्वे हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. पण दंड संपादकाला झाला, प्रश्न विचारणाऱ्यांना नव्हे. ज्याने शंका विचारली त्याची ओळख पटवून घेण्याची कर्व्यांना गरज नव्हती. शंका खरी असणे पुरेसे होते.

नग्नता हीच लाजेची गोष्ट असती तर शेंद्र्याहून थोड्याच अंतरावरील वेरूळच्या जैन लेण्यांतील दिगंबर मूर्तींपुढे माणसे नतमस्तक झाली नसती. लाज येते ती आपल्या मर्जीविरुद्ध उघडे पडण्याची. हा भेद न्यायालयांनीही हळूहळू मान्य केला आहे. १९९५ मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत विवस्त्र दिसलेल्या मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांच्यावर झालेला खटला २००९ मध्ये निर्दोष सुटकेने संपला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ नग्न चित्र म्हणजे अश्लीलता नव्हे असे म्हटले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. संमतीवाचून कोणाच्या देहाच्या खासगी भागाचे चित्र टिपणे वा पसरवणे हा तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली तीन वर्षांच्या कैदेस पात्र असा गुन्हाच आहे.

कायदा उभा आहे, पण चित्र एकदा सुटले की कायदा त्याच्या मागून धावतो. जुलै २०२५ मध्ये ‘टी’ या अमेरिकेतील स्त्रियांसाठीच्या सेवेतून सुमारे ७२,००० चित्रे बाहेर पडली. त्यांतील सुमारे १३,००० ही ओळख पटवण्यासाठी घेतलेले चेहरे व ओळखपत्रे होती. पडताळणी होताच ती पुसली जातील असे आश्वासन दिलेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डिस्कॉर्ड’च्या सुमारे ७०,००० सभासदांची ओळखपत्रे उघडी पडल्याचे जाहीर झाले. ती पडली कंपनीने नेमलेल्या तिसऱ्याच एका कंत्राटदाराकडून. वय तपासण्याची सक्ती जसजशी वाढते आहे (ब्रिटनने ती २५ जुलै २०२५ पासून प्रौढांसाठीच्या स्थळांवर लागू केली) तसतशी अशी कोठारे वाढणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

येथपर्यंतची हकीकत दूरच्या लोकांची वाटेल. पण ज्या तरुणाने उभ्या आयुष्यात असले एकही चित्र काढले नाही, त्याच्याही गळ्याशी हाच फास येतो. भ्रमणध्वनीवरून तात्काळ कर्ज देणाऱ्या बेकायदा सावकारांनी तो गेल्या काही वर्षांत देशभर वापरला. पगार लांबला की पाच-सात हजार रुपयांसाठी तो चेहरा, आधारपत्र आणि संपर्कयादी देऊन बसतो. हप्ता चुकला की त्याच चेहऱ्याखाली दुसऱ्याचा नग्न देह जोडून ते चित्र त्याच्या आईला, मेव्हण्याला, मुकादमाला धाडले जाते. या छळापायी माणसांनी जीव दिल्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही आल्या. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये अशा सुमारे ११०० कर्जसेवांपैकी ६०० बेकायदा आढळल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने संपर्कयादी व छायाचित्रे यांना हात लावण्यास मनाई केली. परंतु मनाई मानतो तो परवानाधारक. ज्याला परवानाच नाही, तो परिपत्रक कशाला वाचील? नग्नतावादी स्वतःचा देह दाखवतो आणि चेहरा लपवतो. कर्जदाराने चेहरा दिला एवढ्यावरच त्याला देह बहाल केला गेला. दोघांनाही घात झाला तो पडताळणीसाठी दिलेले चित्र पडताळणीनंतरही शिल्लक राहिल्यामुळे.

तेव्हा पडताळणी हवी की नको हा वाद निरर्थक आहे. चित्र पाहून झाल्यावर त्याचे काय करायचे, यावर सारे अवलंबून आहे. वय अठराच्या वर आहे एवढेच जाणायचे असेल तर ‘होय’ वा ‘नाही’ या उत्तराने काम भागते, नाव व जन्मतारीख साठवण्याचे प्रयोजन नसते. मंडळाच्या चालकाने चेहरा समक्ष चित्रसंभाषणात पाहिला आणि नोंद फक्त ‘पाहिले’ एवढीच ठेवली, तर चोराला नेण्यासारखे काही उरत नाही. तारखेच्या चिठ्ठीचा पुरावाही आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. यंत्राकडून हवा तो चेहरा आणि हवी ती चिठ्ठी बनवून घेता येते. म्हणजे लबाड आत शिरतोच आणि प्रामाणिक सभासद मात्र आपला चेहरा कायमचा ठेवून जातो.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने प्रयोजन संपताच माहिती पुसण्याचे बंधन घातले. सुरक्षिततेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. परदेशातून भारतीयांना सेवा देणाऱ्यांनाही तो लागू केला. मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट त्यात मोकळी ठेवलेली आहे आणि ती पुरेशी रुंद आहे. शिवाय त्याचे नियम निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि मुख्य बंधने अमलात येण्यास तेथून १८ महिन्यांची मुदत दिली गेली. कोटीकोटींचा दंड मोठ्या कंपनीला जागे करील. चार हौशी माणसांनी परदेशात चालवलेल्या मंडळावर वा पत्ता नसलेल्या सावकारावर तो कसा बजावणार, हे कायदा करणाऱ्यांनाही उमगले असेल असे दिसत नाही.

शेंद्र्यात, कुंभेफळात, चिकलठाण्यात खोली भाड्याने घेतानाही आज घरमालक आधारपत्राची प्रत मागतो आणि ती कोणाच्या तरी भ्रमणध्वनीत वर्षानुवर्षे पडून राहते. शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेले आधारपत्र मिळण्याची सोय प्राधिकरणाने स्वतःच केलेली आहे. ती प्रत द्यावी, तिच्यावर तारीख आणि कारण आडवे लिहावे, हे कामगाराला कामाच्या पहिल्या दिवशीच सांगणे कारखान्यांना आणि कामगार संघटनांना जड जाऊ नये.