विमान आणि वीज

गेल्या आषाढांत आमची धाकटी कन्या उच्च शिक्षणासाठीं प्रथमच विमानानें परदेशीं निघाली. त्या रात्रीं विजा कडाडत होत्या. देवापाशीं बसलेल्या सौ.ला धीर द्यावा म्हणून मी म्हणालों, “विमानाचा पृथ्वीशीं स्पर्शच नाहीं; मग वीज त्यावर पडेल कशाला?” शाळेंतहि मी तीस वर्षें हेंच सांगत आलों होतों. कन्या हसून म्हणाली, “बाबा, वीज पडते, पण ती आंत शिरत नाहीं.” तिचें म्हणणें खरें होतें. तें ताडून पाहिल्यावर आज वाचकांसमोर माझी चूक दुरुस्त करीत आहें.

१८३६ सालीं मायकेल फॅरडे यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें बारा फूट लांबी-रुंदी-उंचीची, धातूनें मढविलेली एक खोली उभारली. बाहेरून तिला प्रबळ विद्युद्भार दिला, ठिणग्या उडूं लागल्या. आणि स्वतः फॅरडे आंत बसून राहिले. त्यांच्या मापकांस आंत विजेचा मागमूसहि लागला नाहीं.

विमानाची ॲल्युमिनियमची त्वचा हेंच कवच होय. भारित मेघांत शिरलेलें विमान पुष्कळदा स्वतःच विजेस वाट करून देतें. नाकावर वा पंखाच्या टोंकावर पडलेली वीज त्वचेवरून वाहत जाऊन दुसऱ्या टोंकानें बाहेर पडते. मात्र ही वाट अखंड हवी. म्हणून हलणारे भाग तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनीं मुख्य सांगाड्यास जोडलेले असतात. जोड सैल झाला कीं ठिणगीस जागा मिळते. घरांत आपण अर्थिंगची तार जमिनींत पुरतों. आकाशांत भूमि नाहीं, तेव्हां विमानाचा देहच त्यांतील यंत्रांची भूमि होतो.

ठिणगीची किंमत मोठी आहे. ८ डिसेंबर १९६३ रोजीं अमेरिकेंत एल्कटन गांवाजवळ पॅन ॲमच्या बोइंग ७०७ विमानावर वीज पडली, टाकींतील इंधनाची वाफ पेटली व सर्व ८१ माणसें प्राणांस मुकलीं. १९६७ सालीं तेथें इंधनव्यवस्थेच्या वीजसंरक्षणाचा स्वतंत्र नियम झाला. २०११ पासून प्रवासी नेणाऱ्या बोइंग ७८७ ची त्वचा बव्हंशीं कार्बनतंतूंची. तो विजेचा मंद वाहक, म्हणून तिच्यांत धातूची बारीक जाळी घालावी लागते.

हें सर्व सौ.ला समजावून सांगितलें. तिची भीति गेली असें नाहीं. परंतु आतां देवाबरोबर त्या पट्ट्या तपासणाऱ्या कारागिरासहि ती हात जोडते. मला तें योग्यच वाटतें.